गर्भाची घडण : शब्द आणि शास्त्र

पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली मराठवाड्याबरोबर ते मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्यात. गर्भाचा आकार कसा बनतो या प्रश्नाशी या तीन सनांचा काय संबंध, असे वाचकांस सहज वाटेल. संबंध आहे तो शब्दांचा. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी पाश्चात्त्य शास्त्रग्रंथांची उर्दू भाषांतरे करणारे एक स्वतंत्र खातेच चालत असे. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. तेथे शास्त्राची भाषा इंग्रजी. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पुढे मराठी परिभाषा सिद्ध करावयास घेतली, ती बव्हंशी संस्कृतावरून. तेव्हा ढोकीसारख्या गावातून शिकावयास बाहेर पडलेल्या एकाच घराण्यात आजोबांच्या वहीत ‘जनीन’, वडिलांच्या वहीत ‘एम्ब्रिओ’ आणि नातवाच्या पाठ्यपुस्तकात ‘भ्रूण’ असे तीन शब्द आढळले, तर त्यात नवल नाही.

या तिन्हींची व्युत्पत्ती पाहण्यासारखी आहे. ‘जनीन’ हा मूळ अरबी शब्द. झाकलेले, दृष्टीआड असलेले, असा त्याच्या धातूचा अर्थ. ‘एम्ब्रिओ’ हा ग्रीकातून आलेला. आत फुगणारे, वाढणारे ते. ‘भ्रूण’ शब्दाचा संबंध ‘भृ’ म्हणजे धारण करणे या धातूशी जोडतात. आपला घरगुती ‘गर्भ’ शब्दही धरून ठेवणे, ग्रहण करणे, याच अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. म्हणजे एका भाषेने गर्भाचे लपलेपण पाहिले, दुसरीने वाढ पाहिली, तिसरीने आईचे धारण करणे पाहिले. त्या गोळ्याला डोके, पाठ, आतडे असा आकार कशाने येतो, हे यांपैकी एकही शब्द सांगत नाही. शब्दाने ते सांगावे अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. परंतु शास्त्राच्या इतिहासात या मौनाचे परिणाम झाले आहेत, आणि आज मराठीत भ्रूणविज्ञान शिकविताना ते पुन्हा होत आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम आपल्याकडील जुन्या विचाराकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या कोणत्या अवयवाची उत्पत्ती आधी होते यावर मतमतांतरे नोंदविली आहेत. शौनक म्हणतो डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय, आणि सुभूती गौतम मधले धड. धन्वंतरीचा निर्णय असा की सर्व अवयव एकाच वेळी उत्पन्न होतात; अतिसूक्ष्म असल्यामुळे ते कोवळ्या आंब्यातील कोय किंवा वेळूच्या कोंबातील पेरी यांप्रमाणे वेगळे दिसत नाहीत. हा निर्णय ‘सर्व काही आधीपासून असतेच’ या मताकडे झुकणारा आहे. तथापि याच स्थानात पुढे दुसऱ्या जातीचे एक विधान येते. तेथे पाच महाभूतांना पाच क्रियापदे दिली आहेत. वायू गर्भाचे विभाजन करतो, तेज त्याला पक्व करते, जल ओलावा देते, पृथ्वी त्याला घट्ट करते आणि आकाश त्याला मोठे करते. आधुनिक भौतिकशास्त्र सुश्रुतास ठाऊक होते असे सिद्ध करण्याचा मोह येथे आवरावा. तशा अभिमानाने ना शास्त्राचे भले होते ना सुश्रुताचे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, गर्भाविषयी बोलताना येथे नावांची यादी सोडून क्रिया सांगितल्या आहेत, आणि त्या क्रिया पदार्थावर घडणाऱ्या आहेत : फाटणे, शिजणे, भिजणे, आळणे, फुगणे.

हे सूत्र मराठी वाङ्मयात पुढे चाललेले दिसत नाही. रामदासांच्या दासबोधात गर्भवासाचे सविस्तर वर्णन आहे, पण ते जन्मदुःखाचे निरूपण आहे. गर्भाची घडण हा त्याचा विषय नव्हे. घडणीची भाषा मराठीत टिकून राहिली ती कारागिरांच्या तोंडी. ढोकीहून जवळच तेरणेकाठी तेर आहे, प्राचीन तगर नगर ते हेच. गोरा कुंभाराचे हे गाव. कुंभार माती तुडवितो, चाकावर चढवितो आणि बोटांच्या दाबाने तिला आकार देतो. तेथे आकार देणारा बाहेर आहे. मराठी व्याकरणात या भेदासाठी सुंदर सोय आहे. ‘कुंभार मडके घडवितो’ आणि ‘प्रसंग घडतो’. पहिल्या वाक्यात कर्ता वेगळा व वस्तू वेगळी. दुसऱ्यात घडणारे आपले आपणच घडते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपात भ्रूणविज्ञानाचा जो वाद माजला तो या दोन प्रयोगांचाच वाद होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या वादाचे रणक्षेत्र होते कोंबडीचे अंडे. खुडूक कोंबडीखाली अंडी मांडली की एकविसाव्या दिवशी पिले निघतात, हे ढोकीच्या कोणत्याही शेतकरी घरात ठाऊक असते. अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली तरी पिले बरोबरच का निघतात, याचे कारण असे की ऊब मिळेपर्यंत आतील वाढ थांबून राहते. घातल्या क्षणीच अंड्याच्या बलकावरील पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात, पण त्यांना आकार म्हणून नसतो; ती एक चपटी चकती असते. ॲरिस्टॉटलने रोज एकेक अंडे फोडून पाहिले होते आणि तिसऱ्या दिवशी उसळणारा लाल बिंदू, म्हणजे हृदय, त्याने नोंदविला होता. पुढे सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आल्यावर मात्र पुष्कळ पंडितांनी असे ठरविले की गर्भ बीजात संपूर्ण तयारच असतो, तो केवळ उलगडतो. धन्वंतरीच्या आंब्याच्या कोयीचेच हे पाश्चात्त्य रूप.

या मताला खरा धक्का दिला तो कास्पार फ्रीडरिख वोल्फ याने. १७५९ सालच्या प्रबंधात त्याने मतखंडन केले. पण त्याहून महत्त्वाचा पुरावा १७६८-६९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापलेल्या त्याच्या लॅटिन निबंधात आहे. विषय होता कोंबडीच्या पिलाचे आतडे. आतडे ही नळी. पिलात ती सुरुवातीपासून नळी असती, तर लहान का होईना नळीच दिसावयास हवी होती. वोल्फला दिसले ते एक सपाट पान. त्या पानाला घडी पडते, कडा खाली वळून जवळ येतात, आणि पानाची सुरळी होते. पुढे १८१७ साली पँडरने अशी पाने तीन असल्याचे दाखविले. जर्मनमध्ये त्यांना ‘पान’ या अर्थाचाच शब्द रूढ झाला. आपण मराठीत ‘स्तर’ म्हणतो. मला ही अदलाबदल तोट्याची वाटते. पान वळते, मुडपते, गुंडाळते. स्तर मात्र एकावर एक पसरलेला असतो; तो खडकात असतो, जमिनीत असतो आणि हलत नाही. विद्यार्थ्याने ‘मध्यस्तर’ हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे तीन रंगांच्या पट्ट्यांची आकृती उभी राहते. त्या पट्ट्यांतील पेशी धावपळ करीत तेथे आल्या आहेत, हे त्याला शब्दातून सुचत नाही.

पानाला घडी कोण पाडते, हा प्रश्न वोल्फपुढे होताच. पण तो यंत्रशास्त्राचा प्रश्न म्हणून नेटाने मांडला विल्हेल्म हिस याने. कोंबडीच्या पिलावरील त्याचा मोठा ग्रंथ १८६८ चा. आणि १८७४ साली एका मित्रास लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्याने आपले म्हणणे सुबोधपणे प्रसिद्ध केले. एकाच चादरीचा एक भाग शेजारच्या भागाहून वेगाने वाढला, तर जागा न पुरल्यामुळे चादर उचलली जाईल, तिला चुण्या पडतील; मेंदूच्या घड्या, डोळ्यांचे फुगवटे यांचे कारण त्याने असे दिले. दाखल्यासाठी रबराची नळी घेऊन तिला ताण देऊन व वाकवून तो दाखवीत असे.

या रबरी नळीची एर्न्स्ट हेकेलने यथेच्छ टिंगल केली. हिसची निसर्गदेवता म्हणजे एक हुशार शिंपी आहे. ती कापते, दुमडते, ओढते, असा त्याचा उपरोध होता. हेकेलच्या मते खरे कारण पूर्वजांच्या इतिहासात होते : गर्भ आपल्या वंशाच्या पायऱ्या पुन्हा चढतो, म्हणून त्याला तसा आकार येतो. याच हेकेलने १८७२ साली ‘गॅस्ट्रुला’ हा शब्द बनविला. त्याचा अर्थ ‘लहानसे पोट’. एका अवस्थेला, एका चित्राला दिलेले हे नाव. आज जी क्रिया शास्त्रज्ञांना गर्भाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी उलथापालथ वाटते, तिचे नाव या पोटाच्या चित्रावरून पडले आहे. शिंपी म्हणून हिणविलेल्या माणसाकडे क्रियापदे होती आणि हेकेलकडे नामे. जय नामांचा झाला. निदान त्या काळापुरता तरी.

पुढील पन्नास वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. विल्हेल्म रूने ‘विकासाचे यंत्रशास्त्र’ हे नाव घेऊन १८९४ च्या सुमारास नियतकालिक काढले. पण त्यातील यंत्रशास्त्र प्रायः गर्भ कापून पाहण्यापुरते राहिले. १९१७ साली डार्सी टॉम्प्सन याने वाढ व आकार यांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात बळांचा पक्ष मांडला. १९२४ साली स्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी उभयचर वर्गातील प्राण्याच्या गर्भाचा एक तुकडा दुसऱ्या गर्भात बसवून तेथे दुसरा देह उभा राहतो हे दाखविले, आणि त्यानंतर सर्वांचे लक्ष ‘संदेश देणारे रसायन कोणते’ या शोधाकडे लागले. याच काळात दोघा जणांनी मात्र हालचालीकडे पाहिले. वॉल्टर फोग्टने गर्भावर निरुपद्रवी रंगांचे ठिपके दिले आणि ते कोठे सरकतात ते टिपले. लुडविग ग्रेपर याने १९२९ साली कोंबडीच्या गर्भाची चित्रफीत घेतली. तीत चकतीतील पेशी दोन बाजूंनी दोन भोवऱ्यांसारख्या फिरत मध्यरेषेवर येताना दिसल्या. त्या दृश्याला ‘पोलोनेझ’ या नृत्याचे नाव मिळाले. याच मध्यरेषेवर पुढे आद्यरेखा उमटते, आणि तिच्या वाटेने पेशी आत उतरतात.

आता महाराष्ट्राकडे येऊ. एडिंबरोचे कॉनरॅड वॉडिंग्टन हे जनुके व विकास यांच्या संबंधावरील लेखनासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु १९३९ साली त्यांनी गर्भातील बळे किती मोठी असतात याचा अंदाज बांधणारे टिपण प्रसिद्ध केले होते, आणि १९४२ मध्ये त्याच विषयावर दुसरा निबंध, ही गोष्ट क्वचित सांगितली जाते. त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या डॉ. लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विकासाच्या अभ्यासाची परंपरा सुरू केली. आद्यरेखेच्या दोन्ही बाजूंच्या भागांत नवी रचना उठविण्याची कितपत शक्ती आहे, यावरील त्यांचा निबंध १९५८ चा. अंड्याबाहेर वाढविलेल्या कोंबडीच्या गर्भावर ट्रायपॅन ब्लू या रंगद्रव्याचे काय परिणाम होतात, हा निबंध १९६० चा. पुण्याच्या विद्यार्थ्यांना जिवंत गर्भ डोळ्यांनी पाहावयास मिळाला, ही या परंपरेची मोठी देणगी मानली पाहिजे. पुस्तकातील आकृती हलत नाही. घड्याळाच्या काचेतील गर्भ हलतो.

येथे घड्याळाच्या काचेविषयी सविस्तर लिहावयास हवे, कारण सर्व मर्म तेथेच आहे. गर्भ अंड्याबाहेर वाढविण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली ती न्यू या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ साली प्रसिद्ध केली. बलकाभोवती एक पातळ, पारदर्शक पटल असते. ते कापून त्याला चिकटलेल्या गर्भासह अलगद सोलून काढतात, काचेवर उलटे अंथरतात, त्यावर काचेचे कडे ठेवतात आणि पटलाच्या कडा कड्यावर ओढून बसवितात. भरतकाम करणाऱ्या बायका लाकडी कड्यावर कापड ताणून बसवितात, तोच हा प्रकार. खाली अंड्याचा पांढरा भाग घालून काच उबेत ठेवली की गर्भ वाढू लागतो. पटल सैल राहिले तर काम बिघडते. हे ताणणे केवळ सोयीसाठी नव्हे. १९५९ मध्ये न्यूने दाखविले की गर्भाची चकती पटलाला फक्त कडेने चिकटलेली असते. कडेच्या पेशी पटल धरून बाहेर सरकत राहतात आणि सगळी चकती त्यामुळे ताणलेली राहते. नैसर्गिक स्थितीत हेच काम बलकावर चालते. म्हणजे संदेश देणारी रसायने शोधण्यासाठी जी पद्धत प्रयोगशाळांनी स्वीकारली, तिची पहिली अटच ताण ही होती. ताण प्रत्येकाच्या हाताखाली होता. निबंधाच्या शीर्षकात मात्र तो नव्हता.

तो शीर्षकात येण्यास पुढे अर्धे शतक लागले. १९६३ मध्ये स्टाइनबर्गने असे प्रतिपादले होते की एकमेकींस कमीअधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी तेल व पाणी यांसारख्या आपोआप वेगळ्या होतात. पण त्या काळी हा विचार एका कोपऱ्यात राहिला. २००७ साली व्होइकुलेस्कू, स्टर्न आदींनी आद्यरेखा उमटण्यापूर्वी पेशी एकमेकींच्या मध्ये घुसून रांगा अरुंद व लांब करतात हे दाखविले. २०२० साली पॅरिसमधील जेरोम ग्रो यांच्या गटाने ग्रेपरच्या भोवऱ्यांचे कारण दिले : गर्भ जेथे संपतो आणि त्याचे बाह्य आवरण जेथे सुरू होते, त्या सीमेवर पेशींचे एक आकसणारे कडे असते, ते शेपटाकडील बाजूस अधिक जोराने आकसते आणि त्या ओढीने सगळी चकती दाट द्रवासारखी वाहू लागते. बायकांना हे कडे ओळखीचे वाटेल. परकराच्या नेफ्यातील नाडी एका बाजूने ओढली की सारे कापड त्या बाजूस सरकते. फरक एवढाच की येथे नाडी ओढणारा हात वेगळा नाही, कापडच ओढते.

सर्वांत समाधानाची गोष्ट २०११ सालची. हार्वर्डमधील साविन, टॅबिन, महादेवन आदींनी पिलाच्या आतड्याची वेटोळी कशी पडतात याचा छडा लावला. आतड्याची नळी वेगाने वाढते. तिला पाठीशी जोडणारा पातळ पडदा सावकाश वाढतो. पडदा नळीला ओढून धरतो, म्हणून नळीला वेटोळी पडतात. पडदा कापून सोडविला तर नळी सरळ होते आणि पडदा आखडतो. आपला हिशेब बरोबर आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी काय केले? रबराचा एक तुकडा ताणून धरला, त्याच्या कडेला रबरी नळी शिवली आणि ताण सोडला. नळीला आतड्यासारखीच वेटोळी पडली. वोल्फचे आतडे, हिसची रबरी नळी आणि हेकेलचा शिंपी, असे तिघेही या एका प्रयोगात एकत्र आले. हेकेलची थट्टा सूत घेऊन शिवणकाम करीत बसलेली पाहावयास हिस जिवंत असता तर मजा झाली असती.

हा सारा केवळ पांडित्याचा विषय नाही. मनुष्याच्या गर्भात पाठीवरच्या पानाच्या दोन कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीला मुरड घालावी तशा जुळून बंद होतात. त्यांतूनच मेंदू व मज्जारज्जू होतात. हे जुळणे गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस संपते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री होण्यापूर्वी. जुळणी राहिली तर मूल पाठ उघडी घेऊन जन्मते, किंवा मेंदूच तयार होत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत असे आढळले की ज्या मातांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. ढोकीच्या आरोग्यसेविकेला ही गोळी ‘रक्तवाढीची’ म्हणून देता येते, किंवा ‘पाठीच्या कडा जुळण्यासाठी, आणि म्हणून दिवस जाण्यापूर्वीच’ असे सांगून देता येते. दुसऱ्या वाक्यात कधी घ्यावयाची हे आपोआप आले आहे. पहिल्यात ते नाही.

परिभाषेचा प्रश्न येथे येऊन ठेपतो. आपल्या परिभाषाकारांनी ‘-जनन’, ‘-भवन’, ‘-निर्मिती’ अशी शेपटे लावून नामे तयार केली. त्यांची गरज होती व आहे. ‘ऊती’ हा शब्द तर फारच योग्य निवडला गेला. विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी त्याचे नाते आहे आणि फ्रेंचातून इंग्रजीत गेलेल्या ‘टिश्यू’ शब्दाचा मूळ अर्थही विणलेले कापड असाच आहे. ‘पेशी’ शब्दाचे भाग्य वेगळे. सुश्रुताच्या ग्रंथात तो मांसाचा तुकडा आणि गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातील एक आकार या दोन अर्थांनी येतो. हिंदीत तो आजही स्नायूंसाठी चालतो. मराठीने तो ‘सेल’साठी घेतला. असे शब्द बदलत राहणारच. परंतु क्रियेसाठी मात्र नवे शब्द घडविण्याची आवश्यकता नव्हती, कारण ते शिंप्याच्या दुकानात, कुंभाराच्या आव्यापाशी आणि स्वयंपाकघरात तयार होते : घडी पडणे, चुण्या पडणे, सुरळी होणे, मुरड बसणे, सरकणे, आकसणे, ताणणे, आत दुमडणे. यांतील बहुतेक क्रियापदे अकर्मक आहेत, आणि गर्भाच्या बाबतीत तीच योग्य आहेत. ‘आद्यरेखेची निर्मिती होते’ या वाक्याऐवजी ‘पेशी दोन्ही बाजूंनी सरकत येतात, दाटतात व रेषा उमटते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात घालण्यास कोणत्याही कोशाची परवानगी लागत नाही. पुढील आवृत्तीत निदान या एका प्रकरणापुरता तरी तसा बदल करून पाहावा, अशी सूचना मराठवाड्यातील व पुण्यातील प्राणिशास्त्र विभागांपुढे ठेवतो.